अपडेटला ‘नको’ म्हणणारे मामा

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता माझ्या मामेसासऱ्यांच्या नऊ वर्षं जुन्या टॅबवर व्हिडिओ कॉल लागला नाही. ‘या टॅबवर हे अ‍ॅप यापुढे चालणार नाही,’ एवढीच ओळ पडद्यावर होती. तशी पूर्वसूचना आधीचे सहा रविवार येत होती आणि मामा ती बोटानं बाजूला सारत होते.

मामा राहतात त्या मल्लेश्वरममध्ये अपडेटचा इतका कडवा शत्रू दुसरा नाही. मामांनी एका सरकारी कारखान्यात तीस वर्षं यंत्रांच्या चाचण्या घेतल्या. चालत्या यंत्राला हात लावायचा तर आधी लेखी कारण हवं, हा तिथला नियम निवृत्त होताना त्यांनी घरी आणला. टॅबवर ‘काही दोष दुरुस्त केले आहेत’ असं आलं की ते माझ्याकडे बघत, जणू दोष मीच घातले होते. “कुठले दोष, जावईबापू? किती? यादी कुठाय?” ती यादी मागणारं दोन पानी पत्र त्यांनी कंपनीला पाठवलं. उत्तरात ‘आमची सेवा कशी वाटली?’ असं विचारणारे पाच तारे आले. मामांनी एकही दिला नाही. अपडेट आपोआप शिरू नये म्हणून त्यांच्या घरचं वायफाय रविवारी अकरा ते बारा एवढंच सुरू असे. टॅब घेऊन आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी राउटर बंद. माझ्या ऑफिसच्या दोन मीटिंगा अशा बुडाल्या. वाद घालावा तर त्यांच्याकडे पुरावा: त्यांचा आधीचा टॅब अपडेटनंतर सुरू व्हायला चौपट वेळ घेऊ लागला, हे त्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलं होतं.

अकरा ते बारा हा तास बेळगावच्या आक्काचा. आक्का त्यांची थोरली बहीण, वय ब्याऐंशी. तिला ऐकू येत नाही. ती समोरच्याचे ओठ वाचते. त्यामुळे साधा फोन कुचकामी, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तिला ओठ नीट दिसत नाहीत. मामांनी एकाच दिवशी एकाच बनावटीचे दोन टॅब घेतले होते. एक तिला दिला आणि बजावलं, काहीही विचारलं तर ‘नको’ दाब.

त्या रविवारी मी वैतागून म्हणालो, “मामा, आता तरी अपडेट करा.” त्यांनी होकार दिला, साक्षीदार म्हणून कागदावर माझी सही घेतली. जे अपडेट मिळालं ते बसलं, पण तेच चार वर्षांपूर्वीचं निघालं. त्यानंतर कंपनीनं या टॅबसाठी काही काढलंच नव्हतं. अ‍ॅप अडून राहिलं. मी बेळगावला आक्काच्या सुनेला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिकडच्या टॅबवरही तीच ओळ होती.

“पण आक्का सगळी अपडेट घेतात की हो, पहिल्यापासून,” सून म्हणाली. “म्हणतात, बिचारा एवढं विचारतोय, नको कसं म्हणायचं?”

मामा फोनकडे वाकले. मग म्हणाले, “तिचा सुरू व्हायला किती वेळ लागतो?”

“देवपूजा आटोपते तोवर.”

सोमवारी मी त्यांना इंदिरानगरच्या दुकानात नेलं. नव्या टॅबला अपडेट किती वर्षं मिळतील, हा त्यांचा पहिला प्रश्न.

“फाइव्ह इयर्स, सर!” विक्रेता उत्साहानं म्हणाला.

“आणि मग?”

“मग नवीन घ्यायचा, सर.”

मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “आक्काला पाच पुरतील, हे ठरवायला मी आलोय का इथं?” आणि बाहेर पडले. रिक्षात मी घरापर्यंत भांडलो. हा हट्ट आहे, यात आक्काचंच नुकसान आहे, सगळं सांगून झालं. “स्वल्प, जरा गप्प बसा, जावईबापू,” एवढंच ते म्हणाले.

शनिवारी त्यांनी बेळगावची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला: मामा पोचले आहेत, आक्कासमोर खुर्ची ओढून बसले आहेत, दोघांचं बोलणं चाललं आहे. त्याला आज तीन आठवडे झाले. परतीचं तिकीट त्यांनी अजून काढलेलं नाही.