जोडे बाहेर काढा

परवा आमच्याकडे महालक्ष्मीचं जेवण होतं. अमरावतीत आमच्या गल्लीत मी जिभेसाठीच ओळखली जाते... आणि सणाच्या दिवशी तर माझ्या तोंडाला लागू नका, असं घरचेच पाहुण्यांना सांगून ठेवतात.

फुलं दरवर्षी वलगावच्या सुनंदाच्या मळ्यातून येतात. या वेळी तिच्यासोबत तिचा धाकटा भाऊ गजानन होता. मिलिटरीत होता, आता घरीच असतो, असं ती काहीतरी सांगत होती... पण इकडे कढी उतू जात होती, मी अर्धंच ऐकलं.

वळून पाहते तर हा पठ्ठ्या बूट घालून थेट देवीच्या खोलीशी. मी ओरडलेच, "ओ भाऊ, जोडे कोण काढणार? महालक्ष्म्या बसल्या घरात, दिसत नाही का?"

"चुकलो काकू," म्हणाला. परत जाऊन पायरीवर बसला, उजवा बूट काढला. मग डावी पँट वर केली आणि गुडघ्याखालचा अख्खा पायच काढून, बुटासकट, चपलांच्या रांगेत नीट ठेवला.

माझ्या हातातला डाव हातातच राहिला. सीमेवर सुरुंग फुटला होता... पाय गेला, डाव्या हाताची दोन बोटंही गेली. सुनंदा मघाशी हेच सांगत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तो मात्र भिंत धरून आत आला, पंगतीत बसला, आंबील दोनदा मागून घेतली. त्याची पंगत उठल्यावर मी माफी मागायला गेले.

तर म्हणे, "कायची माफी काकू? तीन वर्षं झाली, मले कोणी रागावलंच नाही. आई पाण्याचा गिलाससुद्धा उचलू देत नाही. मी घरातच पाहुणा होऊन बसलो."

डोळे भरून आले... पण तिथे रडले असते तर पुन्हा तीच दया झाली असती. मी पानाचं तबक त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, मग बसून काय राहिले? विडे लावा.

पहिला विडा लवंग टोचता टोचता सुटला. सुनंदा पुढे सरसावली, मी तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि म्हटलं, परत लावा. दुसराही सुटला. कपाळावर घाम आला त्याच्या, पण तिसरा बसला... मग संध्याकाळपर्यंत सगळ्या पंगतींचे विडे त्यानेच लावले.

आज सकाळी सुनंदाचा फोन आला. गजानन पहाटे स्वतःहून मळ्यात गेला होता म्हणे. "अन् काकू, आईनं आज त्याले रागावलं... फुलं तोडाले उशीर केला म्हणून."



देशासाठी एवढं देऊन आलेल्या माणसाला आपण हार घालतो, टाळ्या वाजवतो... काम मात्र सांगत नाही. आमच्या दारात आता एक खुर्ची ठेवली आहे, बसून जोडे काढायला. गजाननचेही जोडे बाहेरच.