धाकट्याची धाव

आमचा धाकटा भाऊ आयुष्यात कधी कशामागे धावला असेल, तर जेवणाच्या ताटामागे. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तो बिलं करतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, तरी साहेब वर जाणार लिफ्टनेच. घरात दूध संपलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात मी जायचे, कारण याचे पाय दुखायचे. असा हा माणूस चार मित्रांना घेऊन देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत निघाला. कशासाठी, तर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना चाकांच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून निधी गोळा करायला.

आमचे बाबा अंथरुणाला खिळून दोन वर्षं होत आली. झटका आला आणि उजवी बाजू गेली. धाकट्याला हे ठाऊक आहे, मीच फोनवर सांगितलंय. यायला मात्र त्याला सवड झाली नाही. आधी बदलीचं कारण होतं, मग पळण्याच्या सरावाचं. चाकांची खुर्ची आमच्या घरात नाही. त्याच्याकडे ती मागण्याइतकी लाज मी अजून सोडलेली नाही.

मग एक दिवस त्याचा फोन आला, की त्यांची वाट आमच्या रस्त्यावरूनच जाते. पण वर येणं जमायचं नाही. ठरलेल्या मुक्कामाखेरीज कुणी थांबायचं नाही, असा पाचही जणांनी नियम केलाय आणि देणगीदारांना तसा शब्द दिलाय. बाबांना खिडकीत बसव, म्हणाला. जणू बाबा म्हणजे कुंडी.

बाबांना खिडकी नको होती. धाकट्याचा हात घटकाभर हातात धरायचा होता, एवढंच. त्यासाठी ते सकाळपासून माझ्या मागे लागले. मी त्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मिशी मागेच काढून टाकली होती, तीत घास अडकायचा. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली, शेजारच्या सुताराला हाक मारली आणि दोघांनी मिळून बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट तीन मजले उतरवलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

ते आले. सारख्या पिवळ्या बनियनी, काळे चष्मे, मागून गाणी वाजवणारी गाडी. कडेच्या लोकांना टाळ्या देत देत पळत होते. बाबांनी डावा हात पुढे केला. धाकट्याने त्यावर टाळी मारली आणि बाबांची बोटं मिटायच्या आत तो पुढे गेला. मग मान वर करून त्याने आमच्या बंद खिडकीला जोरजोरात हात केला. सुतार हसला, मग माझ्याकडे बघून त्याने खुर्चीला हात घातला. मी हाक मारली, ती गाण्यात बुडाली.

संध्याकाळी फोन आला. बाबांना ऐकू जावा म्हणून मी मुद्दाम स्पीकर लावला.

"ताई, बाबा दिसले खिडकीत. मी हात केला त्यांना. मिशी अजून तशीच झोकात आहे की."

खोटारडा मेला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात बाबांनी फोन मागितला.

"हो रे, मलाही दिसलास तू," ते अडखळत म्हणाले. "पाणी पीत जा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "उद्यापासून मिशी काढू नकोस. घास अडकला तर अडकू दे."