कुसुम पेठकरांची काहीच चूक नव्हती

कुसुम पेठकर या बाईंची काहीही चूक नव्हती, हे मी पाच वर्षांनी का होईना, लिहून देतो.

आईबाबा पुण्याहून आमच्याकडे परदेशात, हिल्सबरोला राहायला आले आणि दुसऱ्याच महिन्यात बाबांना स्ट्रोक आला. त्यातून ते वाचले, पण उचकी लागली ती दहा दिवस थांबेना. घास तोंडात गेला की उचकी, उचकी आली की घास बाहेर. माणूस निम्मा झाला. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, म्हणाला, गोळ्या चालू ठेवा, हवं तर चिनी ॲक्युपंक्चर करून बघा.

आईने बजावलं, "आधीच चाळणी केलीय त्यांची. आता एक जरी सुई टोचलीस, तर मी पहिल्या विमानाने परत."

"छे गं, ती बाई नुसतं चोळून देते," मी म्हणालो. (चाळिशी उलटल्यावर आईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला धाडस लागतं. मी बुटाच्या नाड्या बांधत बोललो.)

चिनी वैद्यीण मिसेस लिन यांनी आईला पडद्याबाहेर बसवलं. आईचा स्वतःचा इलाज चालूच होता: आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की उचकी थांबते! दहा दिवसांत सगळे नातेवाईक, सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला संपले होते. आता ती बाबांच्या जुन्या ऑफिसात शिरली होती. बाहेरून एक नाव यायचं, आत एक उचकी.

"जोशी हेडक्लार्क."

उचक्!

"शिपाई तुकाराम."

उचक्!

मिसेस लिननी बाबांच्या मनगटाच्या जरा वर सुई टोचली.

"कुसुम पेठकर."

शांतता.

"स्वीट ॲज," मिसेस लिन म्हणाल्या; म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास'.

पडद्याबाहेरून आवाज आला, "कुसुम?"

तेव्हाच सुईचं सांगायला हवं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी पडद्यावरच्या बांबूंची पानं बघत होतो.

त्या दिवशी बाबा पोटभर वरणभात जेवले आणि आईने अबोला धरला. त्यांची जीभ अजून जड. खुलासा करायला गेले की "कु... कुसु..." एवढंच बाहेर पडायचं, आणि प्रकरण आणखी चिघळायचं! शेवटी ते लुळ्या हाताने रोज तिच्यासाठी चहा करायला लागले. मी मनातल्या मनात ओशाळत घरातली सगळी भांडी घासायला लागलो. ते व्रत आजतागायत चालू आहे.

गेल्या महिन्यात आईबाबा पुन्हा आले, तेव्हा सिंकपाशी मी आईला सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. "तिथे पडद्याबाहेर माझ्यासमोरच भिंतीवर अंगभर सुया टोचलेल्या माणसाचं चित्र होतं."

"मग तो अबोला?"

"फिजिओने सांगितलेले व्यायाम करत होते का ते? चहा करून करून हात सुटला."

"आणि मला का नाही बोललीस?"

आईने करपलेली कढई माझ्यापुढे सरकवली. "तुझं चांगलं चाललं होतं की."

मी घासायला घेतली.