सखारामने ठेवलेले खड्डे

भोपरच्या सखारामला लोखंडाची एक गोष्ट कळली आहे, आणि तिनेच त्याला आयुष्यभर स्वस्थ बसू दिलेलं नाही. लोखंडावर लोखंड सरकायचं तर मधे तेल हवं, आणि त्या तेलाला थांबायला जागा हवी. म्हणून जुन्या लेथचा, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचा, झिजलेला बेड तो हाताने खरवडतो; याच बेडवर मशीनचा वरचा भाग सरकतो. निळा रंग लावून उंचवटे शोधायचे, धारदार पात्याने तेवढेच सोलायचे. महिनाभर असं केलं की बेडवर जेमतेम दिसणारे हजारो खड्डे उरतात, चिमणीच्या पावलांच्या ठशांसारखे. तेल तिथे मुक्कामाला राहतं.

परवा असाच एक बेड पुरा करून तो बहीण लक्ष्मीकडे, घोडबंदर रोडवरच्या ओवळ्याला गेला. भाची समृद्धीची हळद होती. आगऱ्यांच्या घरात लग्न चुकवलं तर एक वेळ चालतं, हळद चुकवलेली चालत नाही. त्यात हा सख्खा मामा.

दुपारी मांडवात त्याच्या फोनवर फोटो आला. बेड ज्याचा, त्या कारखानदार हितेशने पाठवलेला. खाली लिहिलं होतं, ‘काका, डाग दिसत होते. स्वतः पॉलिश मारलं. चार वाजता पार्टी येतेय ट्रायलला.’

फोटोत बेड आरशासारखा चमकत होता, एकही खड्डा उरला नव्हता.

सखाराम उभा राहिला. फोन लावला, हितेशने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

“दादूस, कय झाला रं?” लक्ष्मीने विचारलं.

“मना जावं लागंल. मशीन चालू केली तं चिकटंल.”

“मशीनला हलद लावाचीय का तुना?” ती कडाडली. बायका हसल्या. सखाराम मांडवाबाहेर निघाला होता.

रिक्षा कारखान्याकडे निघाली आणि कापूरबावडीला अडकली. पंधरा मिनिटांत ती चार हातसुद्धा सरकली नाही. मोटार सुरू झाली असेल, सुरू झाली नसेल. वरचा जड भाग बेडवर दाबला गेला असेल, तेल बाहेर फेकलं गेलं असेल, आणि मग उघड्या लोखंडाने उघडं लोखंड धरलं असेल. धरलं की एकमेकांचे लचके तोडणारच. तो सारखा गुडघ्यावर तळवा घासत होता. रिक्षावाला म्हणाला, “काका, हॉस्पिटलची केस आहे का?”

“तशीच समज,” सखाराम म्हणाला.

तो पोचला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पार्टी म्हणजे मशीन विकत घ्यायला आलेले टिटवाळ्याचे एक वयस्क वर्कशॉपवाले. चहा घेण्यात उशीर झाल्यामुळे हितेशचं बोट आत्ता कुठे बटणाकडे निघालं होतं.

“थांब!”

“अहो काका, हळद सोडून आलात? बघा तरी, कसा चमकतोय!”

“बटण नको. आधी चाक हाताने फिरव.”

हितेशने एका हाताने चाक ओढलं. हललं नाही. दोन्ही हात लावले, तेव्हा वरचा भाग एकदम झटका देऊन बोटभर पुढे आला आणि कर्रकन थांबला.

“तेल तर भरपूर घातलंय,” हितेश पुटपुटला.

“घातलंस. ठेवलंस कुठे?”

टिटवाळ्याच्या गृहस्थांनी चष्मा लावून बेडवरून नख फिरवलं. एक बारीक ओरखडा लागला. “किती दिवस लागतील?” त्यांनी हितेशला नाही, सखारामला विचारलं.

“महिनाभर.”

“मग महिन्याने येतो.”

हितेशची मान खाली गेली. “काका, चला, गाडीने ओवळ्याला सोडतो.”

“आधी वरचा भाग उचलून ठेवू.”

साखळीने तो भाग उचलून खाली लाकडं सारायला तासभर गेला. घोडबंदरला त्याहून जास्त. वाटेत त्याने तीनदा विचारलं, कुलूप नीट लावलंस ना.

मांडवात डीजे दणदणत होता. समृद्धीच्या अंगावरची हळद वाळून तडकली होती. लक्ष्मीने हळदीची वाटी तेवढी त्याच्यापुढे सरकवली. तळाशी बोटाला लागेल इतकीच उरली होती. तेवढी त्याने भाचीच्या गालाला लावली.

“मामा, आली का जाग्यावर तुमची मशीन?” समृद्धीने हसत विचारलं.

“नाय गं,” तो म्हणाला, “आता पुन्हा पयल्यापासून.” आणि खुर्ची ओढून बसला खरा, पण टोकावरच.