पंचेचाळीस नंबरची पिशवी

त्या रक्तपेढीत दिवसाला पन्नास-साठ पिशव्यांची ये-जा होती आणि प्रत्येक पिशवीला सतरा आकडी नंबर होता. आधी चार आकड्यांत भागत असे. पण आमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरल्यावर विश्वस्तांची बैठक झाली आणि चार आकडे संस्थेच्या लौकिकाला शोभत नाहीत, असा सूर निघाला. मग पहिला एक म्हणजे मुख्य केंद्र (दुसरं केंद्र नव्हतंच), पुढे विभाग, वर्ष, महिना, दिवस, पाळी आणि शेवटी, उरलीसुरली, पिशवी. मी कंपनीतर्फे मान डोलावली. त्या वर्षांत पुण्यात ज्याला वेबसाइट जोडता येई तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेई. माझ्याही कार्डावर तसं छापलेलं होतं.

पूर्वी पिशवी देताना दोघांनी नंबर मोठ्यांदा वाचायचा, एकानं पिशवीवरचा आणि दुसऱ्यानं वहीतला, असा नियम होता. सॉफ्टवेअर आलं आणि वाचन बंद, वही बंद, असं पत्रक निघालं. तिथल्या ज्येष्ठ टेक्निशियनबाईंनी पत्रकावर मुकाट सही केली आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवून लिहिणं चालूच ठेवलं. मला ते दिसत होतं. निवृत्तीला आलेल्या माणसाची हौस, असं समजून मी तिकडे काणाडोळा केला.

सॉफ्टवेअर सुरू झाल्याचा तिसरा दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला बाई चहा घेऊन परत आल्या, त्यांनी फ्रिज उघडला आणि दार धरून तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, वरच्या वॉर्डातल्या मुलीची पिशवी गेली का?"

"मघाशीच गेली," मी म्हणालो. "स्लिप छापली, पिशवी स्कॅन केली, हिरवी खूण आली. मावशी घेऊन गेल्या."

"कुठली गेली?"

मी स्क्रीन पाहिला. "शेवटचे दोन आकडे चव्वेचाळीस."

"मग ही पंचेचाळीस इथे काय करते आहे?"

ती मुलगी बिबवेवाडीची, पंचविशीची. जन्मापासूनच्या आजारामुळे दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागे. इतक्या वर्षांत इतक्या जणांचं रक्त घेतल्यामुळे तिच्या शरीरानं आता परक्या रक्ताशी भांडण मांडलं होतं. गट जुळून भागत नसे. प्रत्येक पिशवी तिच्या रक्ताशी ताडून पाहावी लागे. आदल्या दिवशी बाईंनी तिच्याच गटाच्या सात पिशव्या ताडल्या होत्या. सहा जुळल्या नाहीत. जुळली ती पंचेचाळीस. चव्वेचाळीस न जुळलेल्या सहांपैकी होती.

"तुमच्याकडून नंबर घालताना काही—" मी म्हणालो.

"मी नंबर घालत नाही. तुम्हीच स्कॅनर दिलाय ना, आमची बोटं चुकतात म्हणून?"

त्यांनी वॉर्डाचा फोन फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. मी तेवढ्यात सर्व्हरवरचा मूळ माहितीसाठा उघडला. तिथे पंचेचाळीस होतं. स्क्रीनवर चव्वेचाळीस. एकाच नोंदीच्या दोन टोकांना दोन वेगळे आकडे. मी ते तिसऱ्यांदा वाचत होतो. त्या वाचण्यात अर्धं मिनिट गेलं आणि त्याची लाज मला अजून वाटते.

"जिना चढता येतो ना?" बाई म्हणाल्या. "की त्यालाही सर्व्हर लागतो?"

मी धावलो. तीन मजले. दुसऱ्या मजल्यावर एक स्ट्रेचर आडवं आलं. ते जाईपर्यंत मी भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि स्ट्रेचरवरचे आजोबा माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत होते. वॉर्डाच्या दारातूनच मला स्टँडला टांगलेली पिशवी दिसली. नळी लोंबत होती. ती कुठवर गेली आहे ते दिसत नव्हतं, कारण मध्ये सिस्टर उभ्या होत्या.

"थांबवा!" मी ओरडलो. सगळा वॉर्ड वळला.

"सुरू कुठे केलंय थांबवायला?" सिस्टर वैतागून म्हणाल्या. "बाईसाहेबांचं जेवण चाललंय."

मुलगी कॉटवर मांडी घालून डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात होती. एक हात अडकला की नीट खाता येत नाही, म्हणून आधी डबा, मग सुई, हा तिचा नियम होता. माझ्यामागून धापा टाकत बाई आल्या. त्यांच्या हातात पंचेचाळीस होती. त्यांनी आणि सिस्टरनी सतराच्या सतरा आकडे मोठ्यानं वाचले आणि चव्वेचाळीस खाली गेली. खालून निघतानाच बाईंनी सगळं वाटप थांबवलं होतं. परत जाऊन त्यांनी तीन दिवसांच्या पिशव्या वहीवरून तपासल्या. वॉर्डापर्यंत पोचलेली चुकीची पिशवी एवढी एकच होती.

पंचेचाळीस सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं पेशंटवर नजर ठेवावी लागते. मला कोणी थांब म्हणालं नव्हतं. मी स्टूल ओढून बसलो आणि तिथे कारण हळूहळू उलगडलं. ब्राउझरची भाषा सगळे आकडे एकाच मापाच्या खणात ठेवते. नऊ हजार लाख कोटींच्या जरा पुढेपर्यंत ते बिनचूक बसतात. त्यापुढे, आमच्या सतरा आकड्यांत, फक्त सम संख्या मावतात आणि विषम संख्या शेजारच्या घरात ढकलली जाते. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, तिघी स्क्रीनवर चव्वेचाळीसच. कुठे तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. आमच्या चाचणीतल्या पिशव्यांचे नंबर एक, दोन आणि तीन होते. दोन दिवस 'स्लिपवरची पिशवी सापडत नाही' अशा तक्रारी येत होत्या, त्या मी 'कर्मचाऱ्यांना सवय नाही' या रकान्यात टाकल्या होत्या. उपाय दोन ओळींचा होता: नंबर संख्या म्हणून पाठवायचा नाही, अक्षरांसारखा पाठवायचा. पिशव्यांच्या नंबरांची बेरीज कोणी करत नाही. ते नाव असतं. हे बाईंना ठाऊक होतं, आणि आर्किटेक्ट मी होतो.

"तुम्ही कोण?" मुलीनं विचारलं.

"सॉफ्टवेअरवाला."

"मघाशी ओरडलात ते कशाला?"

काहीतरी गुळगुळीत सांगता आलं असतं. असली वाक्यं कंपनीनं शिकवलेली होती. "स्लिपवर चुकीचा नंबर आला होता," मी म्हणालो. "मी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे. ती पिशवी तुम्हाला चालली नसती."

तिनं वर टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग थेंबाथेंबानं भरणाऱ्या नळीकडे.

"ही चालणार आहे?"

"हो."

"हे कोण म्हणतं? तुमचा प्रोग्रॅम?"

"नाही. बाईंची वही."

सिस्टरनी तिची नाडी पाहिली, ताप पाहिला, कागदावर लिहिलं. अंगावर पुरळ नव्हतं, थंडी वाजत नव्हती. नऊ मिनिटं झाली होती.

"मग इथे माझ्या तोंडाकडे बघत काय बसलाय?" ती म्हणाली. "त्याला सिस्टर आहेत. खाली जा आणि ते दुरुस्त करा. मला तीन आठवड्यांनी परत यायचंय."