डोझरसमोरची जागा

देवाला हाक कशी मारायची, हे मला कधी नीट जमले नाही. सकाळी शाळेत इंग्रजी प्रार्थना, संध्याकाळी आईबरोबर दिव्यापुढे मराठी. दोन्ही तोंडपाठ होत्या आणि दोन्ही म्हणताना मी दुसऱ्याच कुणाच्या वतीने बोलते आहे असे वाटे. बाबा तापाने अंथरुणाला खिळले तेव्हा मी उशाशी बसून दोन्ही म्हणून पाहिल्या. बाबा बरे झाले, पण ते माझ्या म्हणण्याने झाले असे काही मला वाटले नाही.

बाबा मोठ्या मशिनांच्या वायरिंगची कामे करत. तापानंतर त्यांचे हात थरथरत, म्हणून हिंगणीकडच्या कालव्याच्या कामावरून बोलावणे आले तेव्हा आईने मला सोबत धाडले. मी तेव्हा कॉलेजात होते. अनोळखी माणसांत तोंड उघडायची मला लाज वाटे. बाबांची पिशवी छातीशी धरून मी बसमधून उतरले ती खाली मान घालूनच.

भरावाच्या उतारावर डोझर उभा होता. त्या सकाळी, चावी ड्रायव्हरच्या खिशात असताना, तो आपोआप घरघरला होता. भिऊन ड्रायव्हरने बॅटरीची तार काढून ठेवली होती. मजूर दूर झाडाखाली बसले होते. ड्रायव्हर तुळशीराम मशिनाजवळ यायला तयार नव्हता.

“मले नाई बसाचं आता. हे लोखंड जागं होऊन राह्यलं, मिस्तरी.”

“लोखंडाले झोप लागली होती केव्हा?” बाबा हसले. “न्यूट्रलले हाय ना?”

तुळशीरामने हो म्हणून मान हलवली, पण मशिनाकडे न बघता. ते मला दिसले. मन चरकले. पण न्यूट्रल म्हणजे काय हेही मला धड माहीत नव्हते, आणि एवढ्या पुरुषांसमोर काय विचारणार?

बाबांनी मला मागे बॅटरीजवळ उभे केले आणि ती जाड तार हातात दिली. त्यांनी “लाव” म्हटले की लावायची, “काढ” म्हटले की काढायची. ते स्वतः पुढे जाऊन, डोझर ज्या लोखंडी पट्ट्यावर चालतो त्या चेनच्या अगदी समोर जमिनीवर बसले. इंजिनाला पहिला झटका देणाऱ्या स्टार्टरला त्यांनी आपला तपासणीचा दिवा जोडला. चावी बंद असताना तो पेटला तर वरून कुठून तरी चोरटा करंट येतो आहे, हे कळणार होते. एखादवेळी मशीन घरघरेल, घाबरू नको, असेही त्यांनी सांगून ठेवले.

“लाव,” बाबांनी हाक दिली.

माझा हात उचलेना. मागून मला त्यांची टोपी आणि पाठीचा थोडा भाग दिसत होता, आणि त्या पाठीपेक्षा उंच चेन. जीभ टाळ्याला चिकटली. दोन्हींपैकी एकही प्रार्थना आठवेना. बाबांनी पुन्हा हाक दिली. मी तार धरून तशीच उभी.

तेवढ्यात झाडाखालून एक म्हातारी मजूर बाई उठली. डोक्यावर मडके घेऊन ती सरळ माझ्याकडे आली. बाकी कुणी जवळ यायला धजत नव्हते.

“पाणी पी माय. तोंड सुकलं तुयं.”

मला तहान होतीच. पण वडील उन्हात बसलेले असताना आपण आधी कसे प्यायचे? कसेबसे तोंडातून निघाले, “पहिले बाबांना द्या.”

ती पुढे गेली, पण चेनजवळ नाही. बाजूला चार पावलांवर थांबून म्हणाली, “मिस्तरीभाऊ, इकडं या. मी काई त्या राक्षसाजवळ येत नाई.”

बाबा कुरकुरत उठले. तिच्यासमोर ओंजळ धरून वाकले आणि तिथूनच मला म्हणाले, “लाव तोवर. दिवा मले इथून दिसते.”

मी तार लावली. दिवा पेटला की नाही, ते कुणीच पाहिले नाही. मशीन एक धक्का खाऊन पुढे सरकले. मी तार ओढून काढली तेव्हा चेन बाबा बसले होते त्या जागेवर होती आणि त्यांची पिशवी तिच्याखाली.

उतारावर डोझर सरकू नये म्हणून तुळशीराम तो गिअरमध्येच ठेवून उतरत असे. त्या सकाळी घरघर ऐकून उडी मारतानाही सवयीने त्याने गिअर टाकला होता, पण भीतीने त्याला त्याचे भानच नव्हते. मग बाबांनी आधी गिअर काढला, चेनला दगड लावले आणि चावीचा स्विच उघडला. आत हिरवट खार साचला होता. तुळशीराम दर मंगळवारी त्या स्विचच्या वरच्याच कडेवर नारळ फोडायचा, पाणी आत झिरपायचे आणि त्या खारातून करंट आपोआप वाट काढायचा.

“म्या त देवाचंच केलं,” तो रडवेला होऊन म्हणाला.

“देवाले दे ना. स्विचले कायले पाजतं?” बाबा म्हणाले.

मी खाली बसले होते. म्हातारीने मडके माझ्यासमोर वाकवले. “आता तं पी.” मी घटाघटा प्यायले, अर्धे पाणी कपड्यांवर सांडले.

मी बाबांना वाचवले असे मला कधीच वाटले नाही. काय चुकले आहे ते मला माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी बोलायचा धीर नव्हता. मी काही मागितलेही नव्हते. माझ्या तोंडावरची भीती कुणीतरी वाचली आणि उठून आले, एवढेच. त्या बाईला कुणी उठवले, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. भीती मला आजही वाटते. मात्र तेव्हा मी शब्द शोधत बसत नाही. सुकलेले तोंड घेऊन तशीच देवासमोर उभी राहते. पाणी कुणाच्या हातून पाठवायचे, ते त्याने ठरवावे.