करतोस ते बोल

बातमी हरिपदने आणली. कलकत्त्यात धरमतल्ल्याजवळच्या एका सिनेमागृहात हवा गार ठेवणारा प्लँट आहे, तिथे तो दामूकाकांच्या हाताखाली काम करायचा. गार्डन रीचच्या आमच्या कचेरीत माझ्या टेबलापाशी येऊन तो उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, बाबू बोला, पानी छोड़ता हूँ. उसके बाद और कुछ नहीं बोला." एवढंच. काकांना ओळखणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. हातातलं प्रत्येक काम ते तोंडाने मोठ्याने बोलत करायचे. मधेच गप्प झाले, म्हणून हरिपदने वळून पाहिलं होतं... मी दौतीचं झाकण लावलं, फाइलची नाडी बांधली, साहेबांना सांगून निघालो. रडू आलं नाही. काका जाऊन महिना होत आला, अजून आलेलं नाही.

काका आमच्या चाळीसगावचे, माझ्या वडिलांचे बालमित्र. मॅट्रिकला दोनदा बसून घरी राहिलेले. लढाई सुरू झाली आणि सरकारला तंत्र जाणणारी माणसं घाईने हवी झाली, तेव्हा ते फौजेच्या शिक्षणवर्गात गेले. औषधं आणि मांस टिकवायच्या थंड कोठ्या चालवायचं काम त्यांना शिकवलं. वर्गात पंजाबी, मद्रासी, बंगाली, सगळे. कुणालाच इंग्रजी धड येत नव्हतं, पुस्तकं पुरत नव्हती. शिकवणाऱ्या गोऱ्या सार्जंटने एकच नियम घातला: करतोस ते बोल, आपल्या भाषेत बोल, आणि तोंड थांबलं की हात थांबव. भाषा त्याला कळत नसे, पण कुणाचं तोंड अडखळलं ते कळे. त्याने सगळ्यांना असंच तयार केलं. लढाई संपली, कोठ्या बंद झाल्या आणि काका कलकत्त्यात सिनेमाच्या प्लँटवर लागले. नियम तेवढा सुटला नाही.

भवानीपूरच्या त्यांच्या दोन खोल्यांतही सुटला नाही. "पाणी ठेवतो. साखर घालतो. थांबतो." सुशीलाकाकू म्हणायच्या, "अहो, चहाला मराठी कळत नाही. आणि शेजारी ऐकतात हो! उद्या झोपतानासुद्धा सांगाल, डोळे मिटतो म्हणून." काका म्हणायचे, "सांगेन की. तू जागी असलीस तर."

वडील गेल्यावर काकांनी मला कलकत्त्याला बोलावून घेतलं. आमच्या घरात चौथीपुढे कुणी शिकलेलं नव्हतं. मराठी शाळेतून आलेला मी बी.एस्सी.च्या वर्गात मुका बसायचो. लेखी पेपर निघाले, पण प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांपुढे एक शब्द फुटला नाही. नापास झालो. दुसऱ्या खेपेला तसंच झालं असतं तर चाळीसगावला मामांच्या धान्याच्या दुकानात बसायचं ठरलेलं होतं. सकाळचा खेळ सुरू व्हायच्या आधी काका मला प्लँटवर नेऊ लागले. आधी पंखे, मग पाणी, मग कॉम्प्रेसर. "हात लाव. काय करतोस ते बोल."

"इंग्रजीत?"

"आधी मराठीत. हाताला कुठं इंग्रजी येतं?"

पाइप गार होत जायचा आणि मी बोलत राहायचो. काही आठवड्यांनी मराठी वाक्यांत इंग्रजी शब्द येऊ लागले, पुढे वाक्यंच इंग्रजी झाली. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी प्रश्न विचारला आणि माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली. मग हात उपकरणाकडे गेला. जे करत होतो ते बोलू लागलो... त्यांनी मला थांबवलं नाही. पास झाल्याचं सांगायला मी थेट प्लँटवर गेलो, तर काकांनी मला वर प्रेक्षागृहात नेऊन बसवलं. बाहेर डांबर वितळत होतं, आत बायका पदर अंगाभोवती घेऊन बसल्या होत्या. "कुडकुडलास तर सांग," ते कानाशी म्हणाले. "सध्या पदरांवरून अंदाज घेतो मी." माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी तेवढाच समारंभ केला.

आता बड्या साहेबांच्या खिडक्यांत गार हवेच्या पेट्या बसू लागल्या आहेत, बटण दाबलं की झालं. काका त्यांना मुकी यंत्रं म्हणत.

तेराव्यानंतर मी भवानीपूरला गेलो. खुंटीवर काकांचा खाकी सदरा होता. काकू पाटावर बसून होत्या. मी स्टोव्हपाशी गेलो, पातेलं घेतलं, पाणी ओतलं. खोलीत नुसता स्टोव्हचा आवाज. काकूंनी मान वर केली नाही.

"चहा तूच कर," त्या म्हणाल्या. "पण असा गप्प राहून नको करूस रे."

मी म्हटलं, "पाणी ठेवलंय... साखर घालतो." आणि मग, "थांबतो."